जांभळीच्या वळणावरचा ठिपका

धामणखोरे नावाचं एक रान होतं. रानात झाडं होती, झाडांवर पक्षी होते, झाडांखाली प्राणी होते आणि प्राण्यांच्या डोक्यावर सरकार होतं. पूर्वी तिथे राजा असे. मग राजेशाही गेली, लोकशाही आली, आणि तेव्हापासून रानाला दर पाच वर्षांनी निवडून आलेले महाराज मिळू लागले.

सध्याचे महाराज म्हणजे श्रीमंत ठिपकेराव बिबटे. देखणे, चपळ, बोलायला गोड. बसायला त्यांना कायम उंच फांदी लागे, आणि उंचावरून खालचं बारीकसारीक दिसत नाही, एवढी एक अडचण सोडली तर माणूस म्हणावा असा बिबट्या. गादीवर आल्याबरोबर त्यांनी रानाच्या मधोमध एक रुंद रस्ता काढला आणि त्याला विकासमार्ग असं नाव दिलं. पूर्वी तिथे पायवाट होती. पायवाटेवरून ज्याला जिथे जायचं तो तिथे जाई. आता रस्त्यावरून सरकारी ताफा जाई. पुढे टिटवी कर्कश ओरडत उडणार, तिच्या मागे रानडुकरं चौखूर उधळणार आणि मधल्या सांबराच्या पाठीवर महाराज हात हलवणार. महाराजांना कुठे पोचायचं आहे ते कुणाला ठाऊक नसे. उशीर मात्र रोज झालेला असे.

या रस्त्याला जांभळीच्या झाडापाशी एक वळण होतं. वळणाच्या अलीकडे रेताड उंचवटा, पलीकडे तळं. त्या उंचवट्यावर ठकूताई कासवीने अंडी घातली होती. तिच्या आईने तिथेच घातली होती, आजीनेही तिथेच. कासवांना जागा बदलायची बुद्धी नसते, असं सरकारी मंडळी म्हणत. ठकूताई म्हणे, "रस्त्याला हाय न्हवं बुद्धी? मग त्यानं बदलावी."

बोलायला ती अशी तिखट होती, पण आतून खचलेली होती. गेल्या साली रस्ता नवा होता. पळसाची फुलं गळायला लागली तशी वाळूतून पिल्लं वर आली, नेहमीसारखी तळ्याकडे निघाली, आणि वळणावरून ताफा आला. एकही पिल्लू पाण्याला लागलं नाही. ठकूताई तळ्याच्या काठावर मान उंच करून वाट बघत बसली होती. टिटवीचा आवाज लांब गेला, धूळ खाली बसली, तरी ती बसूनच राहिली. त्यानंतर कितीतरी दिवस तिने शेवाळाला तोंड लावलं नाही.

साळूबाई साळिंदरीण तिची जुनी मैत्रीण. साळूबाईचा नवरा त्याच वळणावर गेला होता. बिचाऱ्याला काटे फुलवायलाही सवड मिळाली नव्हती. दोघी तळ्याकाठी बसत आणि एकच बोलणं पुन्हा पुन्हा बोलत. ठकूताईचं मागणं फार नव्हतं. पिल्लं निघतील त्या दिवसात वळणावर एक शिपाई उभा राहावा आणि डुकरांचा वेग जरा मोडेल असा एखादा ओंडका रस्त्यात आडवा पडावा. यंदाची अंडी वाळूत होती. पुढच्या साली अंगात अंडी घालण्याइतकी धग उरेल, याची तिला खात्री नव्हती.

त्या हिवाळ्यात डॉक्टर चक्रवाक आले. हे मोठे विद्वान पक्षी. दरवर्षी थंडीत उत्तरेकडून यायचे, सरकारला सल्ला द्यायचे आणि सल्ल्याचा परिणाम दिसायला लागायच्या आत परत उडून जायचे. या खेपेला त्यांनी महाराजांना सांगितलं की गुन्हे आणि अपघात वाटेल तिथे घडत नाहीत. त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. रानाचा नकाशा काढा, जिथे जिथे काही घडेल तिथे एक ठिपका लावा, आणि जिथे ठिपके दाट होतील तिथे शिपाई पाठवा.

खरं म्हणजे कल्पना वाईट नव्हती. ठकूताईने ती ऐकली तेव्हा तिला वाटलं, चला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी डोकं चालवलं.

महाराजांना तर ती इतकी आवडली की त्यांनी लगेच सभा घेतली. हरणांना पुढच्या रांगेत बसवलं होतं; बिबट्याच्या सभेत हरणांना नेहमीच पुढे बसवतात.

"बंधूंनो आणि भगिनींनो!" महाराज फांदीवरून म्हणाले. "मागच्या सरकारच्या काळात शिपाई कुठेही उभा राहायचा. मी विचारतो, कुणी उभं केलं होतं त्याला? कशाच्या आधारावर? यापुढे या धामणखोऱ्यात शिपाई मनाने उभा राहणार नाही, विज्ञानाने उभा राहील! जिथे ठिपका..."

"तिथे शिपाई!" रानकुत्रे ओरडले. रानकुत्रे हेच शिपाई होते.

हरणांनी टाळ्या वाजवल्या. एका मोठ्या काळ्या खडकावर पांढऱ्या मातीने रानाचा नकाशा काढला गेला. ठिपका म्हणून गुंजेची लाल बी डिंकाने चिकटवायची, असं ठरलं. कारभार कोतवालसाहेबांकडे आला. हे जातीचेच कोतवाल पक्षी. काळे कुळकुळीत, तुकतुकीत, शेपटी मधोमध दुभंगलेली. तिचं एक टोक सरकारकडे आणि एक जनतेकडे असतं, असं ते पत्रकारांना सांगत. प्रत्यक्ष ठिपके लावायचं काम चिंचेखालच्या चौकीतल्या घोरपडे हवालदाराला मिळालं. घोरपडे एकदा जागेला चिकटला की सुटत नसे, आणि नोकरीत त्याची बढती याच एका गुणावर झाली होती.

ठकूताई दुसऱ्या दिवशी चौकीकडे निघाली. निघाली दुसऱ्या दिवशी, पोचली केव्हा ते विचारू नये. चिंचेखाली हवालदार डिंक चघळत बसला होता.

"नाव?"

"ठकू."

"काय गेलं?"

"लेकरं गेली."

हवालदाराने क्षणभर मान वर केली. तोही अंड्यातूनच आलेला होता. "किती?" त्याने जरा हळू विचारलं.

"समदी."

"कुठे?"

"जांभळीच्या वळणावर. ताफ्याखाली."

हवालदाराने मान हलवली, गुंजेची एक बी उचलली, डिंक लावला आणि नकाशावर चिकटवली. चिंचेखाली.

"अवो हवालदारसाहेब, हितं न्हाई. त्यो बगा, तितं रस्ता वाकडा झालाय, तितं लावा."

"बाई, नकाशा मला नका शिकवू. तुमची पिल्लं गेली कधी?"

"गेल्या साली."

"आणि आम्हाला कळलं कधी?"

"आत्ता सांगितलं की म्या."

"कुठे सांगितलंत?"

ठकूताईने इकडेतिकडे बघितलं. "हितं."

"मग झालं तर." हवालदाराने समजुतीच्या सुरात सांगितलं, "घटनेची जागा म्हणजे जिथे ती घटना शासनाच्या निदर्शनास आली ती जागा. तसं परिपत्रकच आहे. शासनाच्या निदर्शनास येईपर्यंत कुठलीही घटना घडत नसते, बाई. घडली असती तर आम्हाला कळलं नसतं का?"

"मंग जांभळीवर ठिपका कवा लागायचा?"

"तिथे कुणी तक्रार लिहून घेतली की."

"तितं कोन घेतंय?"

"कुणीच नाही. तिथे चौकी नाही."

"का न्हाई?"

"तिथे ठिपके नाहीत म्हणून," हवालदार म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं. पुढे एक मुंगूस होता, त्याच्या पिलावर नाल्याकाठी कुणीतरी दगड मारला होता. त्याचीही बी चिंचेखालीच लागली. ठकूताई हे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि मग परत फिरली.

महिनाभरात नकाशा तयार झाला. सगळं रान पांढरं स्वच्छ, आणि चिंचेखाली गुंजांचा लालभडक ढीग. कोतवालसाहेबांनी ढीग बघितला आणि त्यांची पिसं उभी राहिली. राज्यातली सगळ्यात भयंकर जागा त्यांच्या स्वतःच्या चौकीपाशी निघाली होती! चोऱ्या तिथे, मारामाऱ्या तिथे, एवढंच काय, राज्यातले सगळेच्या सगळे अपघातही तिथेच.

हुकूम सुटले. रानातले सगळे रानकुत्रे चिंचेभोवती येऊन उभे राहिले. चिंचेला अतिसंवेदनशील झाड म्हणून जाहीर करण्यात आलं. अपघात रोखण्यासाठी तिथे ओंडके आडवे टाकले गेले. चिंचेखालून कुणी भरधाव जात नसे, कारण तिथून पुढे वाटच नव्हती. तरीही ओंडके टाकले, त्यांना पांढरे-काळे पट्टे मारले आणि कोतवालसाहेबांनी फीत कापली.

आता एवढा बंदोबस्त म्हटल्यावर शिपायांना काहीतरी काम हवं. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवू लागले. एक ससा आला.

"काय रे, एवढ्या धोक्याच्या जागी कशाला आलास?"

"साहेब, माझी गाजरं चोरीला गेली. तक्रार द्यायला आलोय."

"म्हणजे चोरीशी तुझा संबंध आहे."

"माझीच गाजरं ना साहेब!"

"कबूल करतोय," दुसरा शिपाई म्हणाला. सशाला आत घेतलं आणि कारवाई झाल्याबद्दल आणखी एक बी चिंचेखाली लागली. ढीग वाढला तसे आणखी शिपाई भरती झाले.

इकडे उरलेल्या रानात शिपाई औषधालाही राहिला नव्हता. माकडांनी भर दुपारी सरकारी कोठाराचं दार उघडलं आणि ज्वारी, हरभरा, मोहाची फुलं असं जे जे होतं ते ते खांद्यावरून वाहून नेलं. माकडांचा म्होरक्या महाराजांचा दूरचा मेहुणा लागे, असं लोक बोलत. बिबट्याचा मेहुणा माकड कसा, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. कोठारापाशी नकाशावर ठिपका नव्हता. त्यामुळे तिथे चोरी झाली नाही, फक्त धान्य कमी झालं.

मग डॉक्टर चक्रवाकांना पुन्हा बोलावणं गेलं. त्यांनी खडकाभोवती फेऱ्या मारल्या, मान तिरकी केली, डोळे मिटले.

"सुस्पष्ट पुंजका आहे," ते म्हणाले. "अत्यंत सुंदर पुंजका. एवढा निर्भेळ पुंजका मी सायबेरियातही पाहिला नव्हता."

"पण करायचं काय?" कोतवालसाहेबांनी विचारलं.

"अशा जागी कर्मचारी ठेवणं अमानुष आहे. चौकी तिथून हलवा."

चौकी आमराईत गेली. पंधरवड्यात चिंच ओस पडली आणि ठिपके आमराईत गोळा झाले. चौकी टेकडीवर गेली, तर ठिपके टेकडी चढून आले. डॉक्टरांनी अहवाल दिला की धामणखोऱ्यातली गुन्हेगारी अत्यंत संघटित असून ती चौकीच्या मागावर आहे. घोरपडे हवालदाराला रात्री झोप येईना. त्याला चार अंगरक्षक दिले गेले आणि त्याच्या जिवाला कुठे धोका नाही अशी एखादी जागा शोधायला समिती नेमली गेली.

ही बातमी तळ्याकाठी पोचली तेव्हा साळूबाई हसून हसून गडबडा लोळली. ठकूताई हसली नाही. तिने मान आत ओढून घेतली आणि बराच वेळ कवचात बसून राहिली. मग डोकं बाहेर आलं.

"साळू, त्यास्नी जागा कशी पायजे म्हनं?"

"जितं ठिपका न्हाई अशी."

"आपल्या वळणावर किती ठिपके हायेत?"

साळूबाईचं हसणं थांबलं. "ठकूताय," ती म्हणाली, "तू दरबारात जाऊन काय सांगनार?"

"जे त्यास्नी ऐकायचं हाय त्ये."

महाराजांचा जनता दरबार उंबराखाली भरे. तक्रारी ऐकायची पद्धत तिथे नव्हती, अभिनंदन स्वीकारायची होती. ठकूताईची पाळी आली तेव्हा ती चार पायांवर जितकी ताठ होता येईल तितकी ताठ झाली.

"महाराज, म्या जांभळीच्या वळणावरनं आलेय. तुमच्या राज्यात आमी लई सुखात हाओत."

"असं?" फांदीवरून शेपटी हलली.

"व्हय जी. समद्या रानात ठिपक्यांचा सडा पडलाय, पर आमच्याकडं एक बी न्हाई. नकाशा बगा. चोरी न्हाई, मारामारी न्हाई." ती थांबली. पुढचं वाक्य तिने येताना वाटेत पाठ केलं होतं, पण ते तोंडातून निघेना. साळूबाईचा नवरा तिच्या डोळ्यांपुढे आला, वाळूतून रस्त्यापर्यंत गेलेल्या आणि तिथेच संपलेल्या इवल्या इवल्या पाऊलरेघा आल्या. तिने डोळे मिटले. "आन् आमच्या वळणावर आजपातूर कुनी मेलं न्हाई, महाराज. एक बी जीव गेला न्हाई."

हे बोलून झाल्यावर तिला स्वतःची इतकी चीड आली की मान आपोआप आत गेली. दरबारात मात्र आनंदीआनंद झाला. कोतवालसाहेबांनी नकाशा तपासला. म्हातारी खरं बोलत होती, जांभळीपाशी एकही ठिपका नव्हता. राज्यातली सगळ्यात सुरक्षित जागा विकासमार्गावर निघावी, याचा महाराजांना विशेष अभिमान वाटला. चार दिवसांत चौकी जांभळीखाली आली.

आणि चौकीमागोमाग यायचं ते सगळं आलं. घोरपडेने पहिली तक्रार लिहून घेतली, पहिली गुंज लागली, मग दुसरी, मग ओंजळभर. वळण लाल झालं. रानकुत्रे धावत आले. पट्टे मारलेले ओंडके आले आणि रस्त्यात आडवे पडले. पहिल्याच दिवशी ताफ्यातल्या पुढच्या डुकराला ठेच लागली, त्याच्यावर दुसरं पडलं, दुसऱ्यावर तिसरं, आणि सांबर असं थबकलं की महाराजांची टोपी पुढे जाऊन टिटवीच्या डोक्यात बसली. तिथून पुढे ताफा वळणावर पाऊल टाकत टाकत जाऊ लागला.

खारी रस्ता ओलांडू लागल्या. बेडूक ओलांडू लागले. एक गोगलगाय मधोमध थांबून इकडेतिकडे बघून गेली, असं साळूबाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ठकूताई रोज सकाळी उंचवट्यावर जाऊन वाळूला कान लावी. पळस फुलला होता. शिपाई ओंडक्यावर बसून जांभया देत होता आणि ठकूताईला तो जगातला सगळ्यात देखणा रानकुत्रा वाटत होता.

पण निवडणूक जवळ आली. कोल्हा हा विरोधी पक्षाचा नेता. आजवर तो चिंचेविषयी, आमराईविषयी काहीही बोलला नव्हता, कारण तिथे त्याचीही माणसं अडकलेली होती. विकासमार्गावर ठिपके दिसताच त्याला कंठ फुटला. "ज्या रस्त्याचा डंका पिटता, त्याच रस्त्यावर गुन्हेगारीचा कळस! महाराजांनी उत्तर द्यावं!" रानभर कोल्हेकुई सुरू झाली.

महाराजांनी कोतवालांना फांदीखाली उभं केलं.

"कोतवाल, ठिपके कुठेही चालतील. माझ्या रस्त्यावर चालणार नाहीत."

"चौकी हलवतो महाराज."

"जिथे हलवाल तिथे ते येणार. मग तिथले मतदार ओरडणार. मला ठिपकेच नकोत."

डॉक्टर चक्रवाक त्या वेळी सामान बांधत होते. ऊन तापायला लागलं होतं. त्यांनी जाता जाता शेवटचा सल्ला दिला. "चिंच, आमराई, टेकडी, जांभूळ. भूप्रदेश भिन्न, वनस्पती भिन्न, लोकवस्ती भिन्न. एकच घटक समान आहे."

"कोणता?"

"चौकी," ते म्हणाले, मानधन घेतलं आणि उत्तरेकडे उडून गेले.

दुसऱ्या दिवशी चौकी बंद झाली. तक्रार लिहून घ्यायला कुणी उरलं नाही, त्यामुळे काही निदर्शनास येईना, त्यामुळे काही घडेना. खडकावरच्या गुंजा खरवडून काढल्या आणि नकाशा ओल्या फडक्याने पुसला. नकाशा इतका स्वच्छ झाला की तो बघायला शाळेच्या सहली आल्या. गुन्हेमुक्त धामणखोरे! सगळ्या झाडांवर महाराजांची चित्रं लागली आणि खाली मजकूर: कालपर्यंत ठिपके, आज फक्त ठिपकेराव! ठिपके नाहीत म्हणून शिपायांना कुठे उभं राहायचं कारण राहिलं नाही. ते प्रचाराच्या कामाला लागले. वळणावरचे ओंडके उचलून त्यांचं सभेसाठी व्यासपीठ केलं.

ठकूताईला हे कळलं तेव्हा ती उंचवट्यावर होती. ओंडके नेताना घोरपडे तिच्याजवळ थांबला. "बाई, माझ्या हातात काही नाही," तो म्हणाला. त्याच्या हातात तेव्हा डिंकाचा डबा होता. पळसाच्या फुलांनी सगळी वाट लाल झाली होती, आणि वाळूखाली काहीतरी खरवडत होतं.

पिल्लं निघाली ती नेमकी महाराजांच्या प्रचारफेरीच्या सकाळी. वाळू हलली, एक डोकं वर आलं, मग दुसरं, मग सगळा उंचवटाच वळवळायला लागला. नाण्याएवढी पिल्लं, डोळे नीट उघडले नव्हते तरी तळं कुठे आहे ते त्यांना बरोबर माहीत होतं. ती निघाली. आणि लांबून टिटवी ओरडली.

ठकूताईने क्षणभरही विचार केला नाही. ती रस्त्यावर चढली, मधोमध गेली आणि बसली. साळूबाईने ते बघितलं आणि ती तळ्याकडे धावली. "अगं बायांनो, उठा! ठकूताय रस्त्यात बसलीया!" तळ्यातली सगळी जुनी कासवं काठावर आली. कुणाचं गेल्या साली काय गेलं होतं, ते एकमेकांना सांगायची गरज नव्हती. ती एकेक करून रस्त्यावर आली आणि ठकूताईच्या शेजारी, एकमेकांना चिकटून बसली. या कडेपासून त्या कडेपर्यंत कवचांचा बांध झाला. कडेला थोडी जागा उरली, तिथे साळूबाई पाठ करून उभी राहिली आणि तिने सगळे काटे फुलवले.

वळणावरून डुकरं आली. पहिल्याने कवचं बघितली, दुसऱ्याने काटे बघितले, आणि अख्खा ताफा खुरं घासत, धूळ उडवत जागच्या जागी थांबला.

"बाजूला हो म्हातारे!" पुढचं डुक्कर ओरडलं.

"होतेय की," ठकूताई म्हणाली. "माझा येग एवढाच हाय, बाबा."

सांबराच्या पाठीवरून महाराज खाली वाकले. "काय आहे ते?"

"दगड आहेत महाराज," कोतवालसाहेब म्हणाले.

"दगडांना डोकी आहेत."

"महाराज," ठकूताईने हाक मारली, "लेकरं चाललीत. एवढी पानी गाठू द्या, मंग तुमी जावा. मागल्या टायमाला म्या खोटं बोलले हुते तुमच्यापुडं. हितं कुनी मेलं न्हाई म्हनले. लई मेलीत, महाराज. माझी समदी मेलीत."

महाराजांनी ताफा पुढे काढायला सांगितलं असतं, पण त्यांच्या मागे प्रचारफेरीसाठी आणलेली हरणं होती, ससे होते, आणि ते सगळे मान लांब करून रस्त्याकडे बघत होते. कवचांच्या बांधामागून पिल्लं रस्ता ओलांडत होती. अडखळत होती, उलटी पडत होती, पाय हलवून सुलटी होत होती. पहिलं तळ्यात पडलं, बारीकसा आवाज झाला. मग दुसरं. ठकूताई मागे वळून बघू शकत नव्हती, कासवाची मान तेवढी वळत नाही. ती नुसते आवाज ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शेवटच्या पिल्लाला इतका वेळ लागला की एक डुक्कर उभ्या उभ्या झोपलं.

मग कोतवालसाहेबांना कायदा आठवला.

"हवालदार, नोंद घ्या. सार्वजनिक रस्ता अडवणं, निवडणुकीच्या कामात अडथळा, महाराजांचा खोळंबा."

"साहेब, चौकी बंद आहे," घोरपडे पुटपुटला.

"लोकांच्या तक्रारी घ्यायची चौकी बंद आहे. ही सरकारची तक्रार आहे."

घोरपडेने खिशातून गुंज काढली, डिंक काढला. "घटनेची जागा?" त्याने सवयीने विचारलं आणि मग स्वतःच इकडेतिकडे बघितलं. परिपत्रक त्याला पाठ होतं. घटना शासनाच्या निदर्शनास कुठे आली? शासन तर इथेच सांबरावर बसलं होतं. त्याने लिहिलं: जांभळीचं वळण.

"आत्ता बराबर लिवलंसा बगा, साहेब," ठकूताई म्हणाली.

तिला जामीन मिळाला. अट एवढीच की दर आठवड्याला जांभळीखालच्या चौकीत हजेरी लावायची. चौकी बंद असल्यामुळे तिची हजेरी लागत नाही, आणि हजेरी लागत नाही म्हणून ती फरार आहे. तिच्या शोधासाठी वळणावर एक शिपाई कायमचा नेमला असून तो रोज सकाळी तिच्या शेजारी बसून ऊन खातो. रानडुकरांच्या ताफ्याला रस्ता-सुरक्षेचं मानचिन्ह मिळालं. ठिपकेराव प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून आले, आणि नव्या सरकारच्या पहिल्या अहवालात राज्याची परिस्थिती एकाच ओळीत दिली आहे: गुन्हे निरंक, आरोपी एक, फरार.